प्लास्टिकखालची निळी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मिनेसोटातल्या या कोठारात माझ्या टपावर कोंबड्या बसलेल्या पाहून पुष्कळांना मी खुराडेच वाटते.

माझा जन्म १९२४ सालचा, फोर्डच्या कारखान्यातला. पुढे हँडल घालून गरगर फिरवल्याशिवाय मी सुरू होत नसे. मोठा चढ आला की माझा आताचा मालक ऑरिन याचे आजोबा मला उलटी वळवून मागच्या मागे चढवत, म्हणजे टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे वाहत राही. पण बर्फातून मी डॉक्टर आणला, दूध पोचवले, चाकाला पट्टा लावून लाकडे कापायची करवतसुद्धा फिरवली. शेजारीपाजारी माझे नाव काढत.

मग १९५७ साली ऑरिनने शेव्हरोले आणली. निळीभोर, मागे माशासारखे पर, आत रेडिओ, किल्ली फिरवली की सुरू. मी गरजेच्या काळातली, ती हौसेच्या. चाळीस मैलांच्या वेगात मला धाप लागे, ती ऐंशीला आरामात पळे. तिच्यातच त्याने लव्होनला लग्नाचे विचारले. खोटे कशाला बोलू, माझा जळफळाट झाला.

आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ पत्रा खाते. म्हणून ऑरिन तिला थंडीआधीच कोठारात आणी. म्हातारपणी त्याने तिला प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले, दोरीने बांधले आणि वीस वर्षे हात लावला नाही. मी फटीतल्या वाऱ्यात तशीच उघडी.

गेल्या शरदात लव्होनला काही आठवेनासे झाले. सोमवारी तिला शुश्रूषागृहात न्यायचे ठरले.

"निळ्या गाडीत बसली की ओळखेल बघ मला," ऑरिन शेजारच्या डेल्मारला म्हणाला.

"मग सोड की ते बाळंतिणीचं गाठोडं!"

दोरी सोडली. प्लास्टिकच्या आतून पाणी ठिबकत होते. ऑरिनने दार ओढले, ते हातातच आले. आत पाय ठेवला, तो थेट मातीला टेकला.

"जमिनीची ओल आतच कोंडली, सगळा पत्रा गंजला रे," डेल्मार हळूच म्हणाला. "ही म्हातारी बघ, उघड्यावर ठणठणीत."

त्या क्षणी मला माझ्या ठणठणीतपणाची लाज वाटली.

दोघांनी दोन दिवस खपून मला सुरू केले. रविवारी लव्होन माझ्यात बसली. तळ्यापर्यंत गेलो. ती ऑरिनकडे परक्यासारखी बघत होती.

"गाडी छान आहे हो तुमची," ती म्हणाली. "पण आमची निळी आहे. ऑरिन येईल आता ती घेऊन."

ऑरिनने गाडी थांबवली. तिने विचारले,

"कुठं ठेवलीय हो त्यानं ती?"

"झाकून ठेवलीय," तो म्हणाला. "अगदी नीट."

"मग बरं," असे म्हणून ती निवांत तळ्याकडे बघत बसली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी जिवापाड जपून असे काही बांधून ठेवले असेल, तर तेवढे आजच सोडून बघा.