रूबेनच्या मुलाचा आकडा

इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारा शाफ्ट बनवण्याआधी मिस्टर अलोन्झोंनी आपल्या शेडमध्ये सहा प्रश्न विचारले. पाचांची उत्तरं डॅरियसने खरी दिली. गाडीचं वजन, लांबी, टायर, गिअर, गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर, सगळं इंचाइंचाने. खोटं बोलायचं तर तिथे बोलायचं होतं की मेल्याने! पण नाही.

"आणि हॉर्सपॉवर?"

"नऊशे," डॅरियस म्हणाला.

खरा आकडा पंधराशेचा होता. तो फक्त त्याला आणि इंजिन बसवणाऱ्या त्याच्या बहिणीला, वनेसाला, ठाऊक होता. जॉर्जियातल्या त्या शर्यतीच्या पट्टीवर पैज लागली की वेळ दाखवणारा फळासुद्धा बंद ठेवतात. आपल्या गाडीची ताकद कोणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. त्यात रविवारी समोर जेरोम, आणि जेरोमचा शाफ्टही याच शेडमधला. म्हातारा बोलून गेला म्हणजे?

मिस्टर अलोन्झोंनी शाफ्टसाठी भिंतीशी उभी केलेली पोलादी नळी हातात घेतली, परत ठेवली. मग अ‍ॅल्युमिनियमची उचलली. "नऊशेला ही पुरते. हलकी आहे, गाडी पटकन सुटेल. उगाच पोलादाचं ओझं कशाला वाहतोस?"

खरा आकडा डॅरियसच्या अगदी ओठांवर आला होता. वीस वर्षं त्याचे वडील, रूबेन, इथूनच शाफ्ट न्यायचे. पण तो "बरं" म्हणाला आणि उकडलेल्या शेंगा खात बसला.

रविवारी दुपारी दिवा हिरवा झाला, डॅरियसने पाय दाबला आणि खालून धाडकन आवाज आला. गाडी जागच्या जागी मेली. शाफ्टभोवतीच्या लोखंडी कड्याने तुटका तुकडा अडवला, म्हणून पाय शाबूत राहिला. जेरोम केव्हाच पलीकडे पोचला होता.

शर्यत बघायला आलेले बहात्तर वर्षांचे मिस्टर अलोन्झो गुडघे टेकून गाडीखाली गेले. नळी पिळलेल्या फडक्यासारखी झाली होती. ती त्यांनी बराच वेळ बोटांनी चाचपली.

"माझंच चुकलं," ते उठून म्हणाले. "नऊशेला अशी पिळायला नको होती. एक तर माल खराब, नाही तर माझं डोकं." मग ते भर पट्टीवर ओरडले, "याच नळीचे शाफ्ट आणखी तीन गाड्यांत आहेत. आज कोणी पळवू नका! पैसे मी परत देतो."

"काय मिस्टर अलोन्झो, आता नातवंडं खेळवा घरी!" कोणीतरी हसत म्हणालं.

तिघांनी गाड्या मागे घेतल्या. म्हातारा मान खाली घालून उभा राहिला आणि डॅरियस नुसता बघत राहिला. त्याला स्वतःच्या तोंडाची किळस आली, तरी ते उघडेना.

"बोलतोस की मी बोलू?" वनेसा दात ओठ खात म्हणाली. "मेला असतास आज. आणि बोल त्यांना लागतोय!"

"आकडा सांगितला तर पुढच्या पैजेला उभं कोण राहील?" हे बोलला आणि शरमेने त्याचे कान तापले. आपण काय बोलून गेलो!

तो चालत पुढे गेला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पंधराशे. मिस्टर अलोन्झो, पंधराशे होते. मी खोटं बोललो."

पट्टीवर कोणी हसलं नाही. जेरोमनेसुद्धा टोपी काढून डोकं खाजवलं.

"म्हणजे माल चांगला आहे," म्हातारा हळूच म्हणाला. मग त्या तिघांकडे वळून, "घ्या रे, पळवा तुम्ही."

"मला माफ करा. तुम्ही कुठे बोलाल अशी भीती वाटली."

"अरे, खोटं सगळेच सांगतात. इथे आलेला कोण खरं बोलतो? या जेरोमने मला सातशे सांगितले." जेरोमने दुसरीकडे पाहिलं. "जो जे सांगेल त्याच्या दुप्पट ताकद धरायची आणि मग नळी निवडायची, ही माझी चाळीस वर्षांची रीत."

"मग माझी का नाही धरली दुप्पट?"

मिस्टर अलोन्झोंनी पिळलेला तुकडा त्याच्या हातात दिला.

"तुझ्या बापाच्या आकड्यात मला कधी काही वाढवावं लागलं नाही. तू त्याचा मुलगा, म्हणून तुझ्यातही नाही वाढवलं."

ते आपल्या ट्रककडे निघून गेले. त्यांनी एक थोबाडीत ठेवून दिली असती तर बरं झालं असतं, असं डॅरियसला वाटत राहिलं.