सबंध पगाराचा दशांश

पट्टीत सात सबंध गोळ्या होत्या आणि डबीच्या झाकणात एक अर्धी. अर्धीशेजारी थोडी पांढरी पूड, चिमटीत येणार नाही इतकी, आणि भाजी चिरायची लहान सुरी. तिने पुन्हा मोजलं. पंधरा दिवसांपूर्वी तिने स्वतः पंधरा गोळ्यांची पट्टी आणून दिली होती. रोज सकाळी एक, या हिशेबाने आज ती रिकामी असायला हवी होती. साडेसात उरल्या होत्या. म्हणजे साडेसातच गेल्या, म्हणजे आई पहिल्या दिवसापासून… तिने ती अर्धी बोटाच्या टोकावर घेतली. काप मधल्या रेषेवरून गेला नव्हता, एका बाजूला कलला होता. प्रयोगशाळेत तिने दोन्ही तुकडे काट्यावर ठेवले असते, फरक मिलिग्रॅममध्ये लिहिला असता – आठवड्यातून तीन दिवस, आता तीनच दिवस, हेच तर तिचं काम.

"आई, रक्तदाबाची गोळी घेतलीस?"

"घेते गं. आधी दशांशाचं पाकीट दे, उपासनेला उशीर होतोय."

पाकिटावर त्यांच्या घराचा चर्चच्या मंडळीतला नंबर छापलेला होता, सत्तेचाळीस. आत महिन्याच्या पगाराचा दहावा हिस्सा. सबंध पगाराचा.

आठ महिन्यांपूर्वी कंपनीने सहा दिवसांचं काम तीन दिवसांवर आणलं आणि पगार निम्मा केला. तिने घरी सांगितलं नाही. उरलेले तीन दिवस ती डबा घेऊन वाचनालयात बसते, आणि एक तारखेला ठेवीतून रक्कम काढून पगारात मिसळते, आईच्या हातावर नेहमीइतक्या नोटा ठेवते. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं तिला वाटलं होतं… मला वाटलं होतं. आई त्या नोटांवर हात ठेवून डोळे मिटते आणि घरभाड्याकडे, किराण्याकडे बघायच्याही आधी दहावा हिस्सा बाजूला काढते.

मंदी सुरू झाली तेव्हा पाळकांनी चर्चच्या मागच्या खोलीत एक वर्ग घेतला होता, अडचणीच्या दिवसांत घरखर्च कसा बसवायचा याचा. फळ्यावर तीन चौकोन काढले होते – आधी प्रभूचं, मग घराचं, मग हौसेचं. एका सुतारकाकांनी विचारलं होतं, "दशांश कागदावरच्या पगाराचा, का हातात येतो त्याचा?"

"हातात येतो त्याचा द्या हो," पाळक हसले होते. "प्रभू काही पगाराची चिठ्ठी मागत नाही."

आईने ते वहीत लिहून घेतलं होतं. हातात येतो त्याचा. पण आईच्या हातात येतात त्यातल्या निम्म्या नोटा मुळात पगाराच्या नव्हत्याच, ठेवीतल्या होत्या. खऱ्या पगारावर मोजलं तर तो दहावा नाही, पाचवा हिस्सा जात होता. भाव वाढत गेले. आईला कुठेतरी काटछाट करणं भाग होतं, पहिल्या चौकोनाला ती हात लावणार नव्हती, हौसेचा चौकोन या घरात कधी नव्हताच… आणि सुरी हाताशी होती.

उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा आई उभी राहिली. समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून.

"आजूबाजूला सगळ्यांचे पगार कापले गेले," ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या पगाराला प्रभूने धक्का लागू दिला नाही. आम्ही आधी त्याचं दिलं, त्याने आमचं राखलं."

"आमेन," मागून कोणीतरी म्हणालं. पुढच्या बाकावरची बाई, जिच्या नवऱ्याला दोन महिन्यांपूर्वी घरी बसवलं होतं, वळून तिच्याकडे बघून हसली – हेवा नव्हता त्यात, आशा होती, आणि ते जास्त वाईट होतं. आईशेजारी बसल्या बसल्या तिने समोरच्या बाकाच्या फळीतले स्क्रू मोजले. सहा. एक निसटलेला.

बाहेर दाराशी खजिनदार उभे होते. "पहिला रविवार आणि सत्तेचाळीस नंबर! यावर घड्याळ लावून घ्यावं."

"लावा ना एकदाचं," आई म्हणाली. "उपासना तरी वेळेवर सुरू होईल."

ते मोठ्याने हसले. आईही हसली, आणि पायऱ्या उतरताना तिने कठडा धरला. तिथे तीनच पायऱ्या आहेत.

घरी येईपर्यंत तिने वाक्य जुळवलं होतं. आई, पगार आठ महिन्यांपूर्वीच निम्मा झाला. एवढंच. पण ते ऐकून आई काय करील हे तिला पक्कं ठाऊक होतं – पुढच्या रविवारी उभी राहील, तोच बाक धरून, सगळ्यांसमोर साक्ष मागे घेईल. ती तशीच आहे. मग पुढच्या बाकावरची बाई पुन्हा वळून बघेल. आणि आईजवळ काय उरेल? न सांगावं, तर ठेव आणखी एकच महिना पुरेल… प्रभू, असं ती मनात म्हणाली, आणि पुढे शब्द यायच्या जागी आकडा आला. पूर्वी त्या हाकेच्या पलीकडे कोणीतरी असायचं. आठ महिने आईच्या प्रार्थनेचं उत्तर मीच देत होते, दर एक तारखेला, ठेव मोडून. पलीकडे मीच होते, आणि आता तिथे जाऊन बघितलं तर…

दुपारी तिने रक्तदाबाचं यंत्र काढलं. आईला खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर टेकवले, हात टेबलावर, पट्टा दंडाला.

"माझं काय मोजतेस? गोळी चालू आहे ना?"

"चालू आहे?"

"रोज घेते," आई म्हणाली, आणि लगेच खिडकीकडे बघितलं. मग वळून, "तुला काही सांगायचंय का? सकाळपासून तोंड मिटून आहेस."

वाक्य जिभेवर होतं.

"मोजताना बोलायचं नाही, आई," ती म्हणाली. "आकडा वाढतो."

आईने मान डोलावली आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले. प्रार्थना बोलण्यात धरायची की नाही, हे त्या यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं. ती पाच मिनिटं थांबली, मग बटण दाबलं.

पहिल्यांदा १७६ आणि १०२. एका मिनिटाने दुसऱ्यांदा, १७८ आणि १०४. तिने सरासरी काढली आणि कागदावर तारखेपुढे लिहिली: १७७ / १०३.