रडणारं बॉनेट

"रडली! रडली!" असा एकच गलका उठला आणि जकात नाक्यामागच्या आवारातली माणसं दोन पावलं मागे सरली. पांढऱ्या व्हॅनच्या बॉनेटवर पाण्याचे टपोरे थेंब थरथरत उभे होते. तांब्याचं भांडं छातीशी धरून पांतेलेयआजोबांनी डोळे मिटले. "आधीच्या मालकाचा तळतळाट आहे हिच्यात. घरी न्याल तर चुलीतला विस्तव विझेल, पोरांनो!"

रालित्साबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा उभा जन्म गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेला होता, आणि समोर तोंडाचा आ करून उभे होते ते अर्धेअधिक त्यांचेच विद्यार्थी.

बल्गेरियाच्या त्या सीमेवर तस्करीत पकडलेल्या गाड्यांचा दरवर्षी सरकारी लिलाव व्हायचा. गाडी बाहेरून हवी तेवढी बघा, हात लावा. पण बॉनेट उघडायचं नाही, किल्ली फिरवायची नाही. आत काय आहे ते नशीब! मग माणूस आधार शोधतोच. तिकडे घरातून कुणी प्रवासाला निघालं की पुढ्यात पाणी ओततात, काम पाण्यासारखं सरळ व्हावं म्हणून. त्या भाबड्या रीतीवर या म्हाताऱ्यानं दुकान थाटलं होतं. बॉनेटवरून पाणी सपाट वाहून गेलं तर गाडी शुभ. थेंब होऊन उभं राहिलं तर गाडी रडते.

"ताई, मी ती निळी व्हॅन घेतो," बाईंचा धाकटा भाऊ मिनचो कुजबुजला. "तिच्यावरून पाणी कसं वाहिलं बघितलंस ना?"

"अरे, पाण्याला इंजिनातलं काय कळतं?"

"हळू बोल! आजोबा ऐकतील."

मिनचो पाववाला. वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर दुकान नाही, बस नाही. राहिलीत ती थकलेली म्हातारी माणसं. त्यांना पाव पोचायचा तो मिनचोच्या गाडीतून, आणि ती गाडी हिवाळ्यात कायमची बसली होती. साठवलेलं सगळं घेऊन तो आला होता. एकच व्हॅन येणार होती त्यात. पांढरी घे, टायर बघ, खालचा पत्रा बघ, असं बाईंनी दहादा सांगितलं. पण ऐकतो कोण?

निळीवर लोक तुटून पडले. मिनचो हट्टानं बोली चढवत गेला आणि ती त्याच्या गळ्यात पडली. सही झाल्यावर बॉनेट उघडायला परवानगी होती. उघडलं, तर इंजिनात पुराचा वाळलेला गाळ! मिनचोच्या तोंडचं पाणीच पळालं. "आजोबा, हे काय?"

"श्रद्धा कमी पडली तुझी," आजोबा शांतपणे म्हणाले.

तोवर लिलाव करणाऱ्या अधिकारीबाईंनी पांढरीचा पुकारा केला होता. एकच हात वर होता, आजोबांच्या जावयाचा, वेल्कोचा. दरवर्षी रडणारी गाडी हाच उचलायचा, बोलीच्या सुरुवातीच्या किमतीत. त्याला तळतळाट बाधत नाही म्हणे, घरातच आशीर्वाद आहे!

संतापलेल्या बाईंनी पांढरीच्या बॉनेटवर थाड्कन हात आपटला. हात सटकला. त्यांनी नखानं पत्रा खरवडला, वास घेतला. मधाचा वास! म्हणजे मधमाशांचं मेण!

"थांबा!" त्या ओरडल्या. "कुणाकडे चर्चमधली मेणबत्ती आहे?"

एका आजीनं पिशवीतून काढून दिली. बाईंनी ती मिनचोच्या निळ्या, शुभ बॉनेटवर खसाखसा घासली, आजोबांच्या हातचं भांडं हिसकावलं आणि पाणी ओतलं. टपोरे थेंब! उरलेलं पाणी पांढरीच्या दारावर ओतलं. ते सपाट वाहून गेलं.

"घ्या, आता निळी रडली! आणि पांढरीचं बॉनेट रडतं नि दार हसतं, असं कसं? मेण पाण्याला धरत नाही, म्हणून थेंब होतात. स्वच्छ पत्र्यावर ते पसरतं. टायर, पत्रा बघून चांगल्या गाडीला आधीच मेण फासायचं, तुम्हाला घाबरवायचं, भंगाराच्या मागे लावायचं, आणि जावयानं फुकटात न्यायची!"

"अविश्वासी हाताला मेणच लागणार, मुली," आजोबा पुटपुटले, पण वेल्कोचा हात खाली आला होता.

"सातवीत काचेला मेण फासून हेच दाखवलं होतं ना मी तुम्हाला?" बाईंचा आवाज चिरकला.

मागून कुणीतरी चाचरत म्हणालं, "बाई, ते परीक्षेपुरतं होतं."

बाई सगळ्यांकडे वळल्या. "बाबांनो, चमत्कार दिसला की आधी एवढंच विचारा, यात फायदा कुणाचा? आणि हात लावून बघा. हात लावायला तर सरकारनंही मनाई केलेली नाही!"

आता सगळ्यांचे हात वर गेले. पांढरी चढत चढत शेजारच्या गावच्या सुताराकडे गेली आणि पहिल्या किल्लीला सुरू झाली. मिनचो बघत राहिला. त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

बाईंनी आपल्या जुन्या छोट्या गाडीला निळीचा दोर बांधला. मिनचो रिकामं भांडं भरून घेऊन आला. "ताई, ओढून नेतोय खरं, पण निघताना पुढ्यात तेवढं पाणी ओत ना."

बाईंना रडावं की त्याच्या कानाखाली वाजवावी, कळेना. "ओतते. आधी सांग, थेंब का झाले?"

तो पुटपुटला, "मेण, ताई."

"मोठ्यानं."

"मेण!"

बाईंनी भांडं घेतलं आणि पाणी त्याच्या गाळानं माखलेल्या हातांवर ओतलं. "नीट धू. उद्यापासून पाव माझ्या गाडीत भरायचेत. दोन फेऱ्या होतील, पण म्हातारी माणसं उपाशी नाही ठेवायची."