रेषेवरचे बोट

सकाळचे ऊन आधी गॅलरीतल्या ओल्या टॉवेलवर थांबले, मग उंबरा ओलांडून फरशीवर आले, खुर्चीच्या पायाला वळसा घालून सावकाश टेबलावर चढले, आणि ज्या काचेत उदयनचे वडील दिवाळीत वारल्यावर राहायला गेले होते तिच्यावर, दुधावर साय धरावी तसे, पसरले. काच कोरी दिसत होती. वडील डोळ्यांना दिसत नसत, बोटालाच लागत. बोट त्यांच्या चेहऱ्याच्या रेषेवर असले की काच बारीक थरथरे, सुटले की गप्प होई.

काचा देणाऱ्या कंपनीचे घाटपांडे चहा संपवून म्हणाले, "रिकामी असेल तर आजच परत नेतो. दुसऱ्या घरी हवी आहे."

"रिकामी नाही," उदयन म्हणाला.

"मग दाखवा वाचून."

रिवाजाप्रमाणे धाकट्या बहिणीने, शाल्मलीने, त्याच्या डोळ्यांवर वडिलांचा मफलर बांधला. "घट्ट बांधते हं. आंधळ्या कोशिंबिरीत तू खालून बघायचास."

उदयनने तर्जनी टेकवली. घाई केली की कोपरे हुकतात आणि माणसाचा चेहरा ताटासारखा गोल लागतो, हे तो शिकला होता. कोपरा आला की थांबायचे, तिथल्या तिथे बोट लहानसे गोल फिरवायचे, आणि काच जिकडे थरथरेल तिकडे वळायचे.

"कपाळ," तो म्हणाला. "हे नाक. इथे सायकलवरून पडल्याची खोक."

तोवर खोली लहान होत आली होती. मागची भिंत उदयनच्या पाठीला टेकली. घाटपांड्यांनी पाय वर घेतले.

"ताई, तुमच्या बोटाला काही लागतंय का?" त्यांनी शाल्मलीला विचारले.

शाल्मलीने आपले बोट त्याच्या बोटाशेजारी ठेवले.

"मला कधीच लागलं नाही, दादा."

"तू घाई करतेस."

"बरं. मग तू सावकाश कर." लहान मुलाची नखे कापताना धरतात तसे तिने त्याचे मनगट टेबलावर दाबून धरले.

नाक लागायचे थांबले. मग कपाळ थांबले.

काच उभी धरली तर बाहेर जाईल, एवढीच रुंदी दाराला उरली होती. घाटपांडे काचेसकट गेले. शाल्मलीने मनगट सोडले. काच नसलेल्या जागी, उन्हात, उदयनच्या बोटाला पुन्हा नाक लागले, पुन्हा ती खोक. काच कधीच थरथरली नव्हती. थरथरत होते ते त्याचे बोट, आणि हे त्याला दिवाळीपासून ठाऊक होते.