मधला आवाज

गिरजाबाईंच्या गळ्यातली गाठ बेळगावात काढली, तेव्हाच डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की आवाजाची खात्री देता येणार नाही. गाठ गेली, तब्येतही सुधारली, पण आवाज बसला तो बसलाच. कुंभारवाड्याच्या बायकांच्या भजनी मंडळात पुढं बसून गाणारी ही बाई आता घरातसुद्धा बहुतेक खुणांनीच बोलायची.

भात कापून झालं की देवीची जत्रा येते. जागराचं पद दरवर्षी गिरजाबाई म्हणायच्या. यंदा त्यांनी सुनेला पुढं बसवायचं ठरवलं. सोनिया चारचौघांत कधी गायली नव्हती.

"मला न्हाई जमायचं, आत्ती."

"रेकॉर्डिंग हाय की," गिरजाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "ऐकायचं आन् म्हणायचं. चुकलं तर मी सांगीन."

ऑपरेशनच्या आदल्या वर्षी त्यांच्या भाच्यानं, अक्षयनं, देवळात दोन बाजूंना माइक लावून ते पद रेकॉर्ड केलं होतं आणि सोनियाला पाठवलं होतं. सोनियाच्या फोनचा स्पीकर पाणी जाऊन बिघडला होता, म्हणून तिनं हेडफोन लावला. पेटी वाजू लागली, मृदंगही वाजू लागला. मागून साथ करणाऱ्या बायकाही पुसटशा ऐकू आल्या. गिरजाबाई मात्र कुठंच नव्हत्या. नीट कान दिला तर विहिरीच्या तळातून कुणी हुंकार द्यावा तसं काहीतरी यायचं, शब्द एकही नाही.

तिनं आवाज वाढवला, तर पेटीच कर्कश झाली. वायर हलवली, पिन पदरानं पुसली, फोन बंद करून चालू केला. काही फरक पडेना.

"ऐकलंस काय गे?" सासूनं चुलीपुढून विचारलं.

"व्हय आत्ती."

खरं सांगायचा तिला धीर झाला नाही. गळ्यातला आवाज गेलाच होता, आता फोनमधलाही गेला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ती रोज हेडफोन लावून बसायची आणि उगाच मान हलवायची. शेवटी एका दुपारी गिरजाबाईंनीच हात पुढं केला. "बघू. मलाबी ऐकू दे."

त्यांनी डोळे मिटले. पेटी सुरू झाली तशी त्यांची बोटं मांडीवर ताल धरू लागली. थोड्या वेळानं बोटं थांबली. तरीही त्यांनी पद शेवटपर्यंत ऐकलं, मग हेडफोन काढून सोनियाच्या हातात दिला.

"माझाच तेवढा काढून टाकलाय व्हय?" एवढंच बोलून त्या धुणं घेऊन ओढ्यावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सोनिया सकाळच्या बसनं रामनगरला गेली. तिथं योगेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं तिचा हेडफोन आपल्या फोनला लावून ऐकला.

"हेडफोन एकदम चांगला हाय, वयनी. दोन्ही कान सारखे वाजतायत, आवाज फाटत न्हाई."

मग त्यानं दुकानातला दुसरा हेडफोन तिच्या फोनला लावला. पेटी आली, मृदंग आला, गाणारी आली नाही.

"म्हंजे खोट फोनात हाय. पिनेच्या भोकात कचरा बसला असंल." बॅटरीच्या उजेडात नीट दिसावं म्हणून त्यानं फोनचं जाड कव्हर काढलं, भोकात फुंकर मारली आणि पिन परत खोचली. या वेळी टक् असा आवाज झाला. त्यानं हेडफोन सोनियाकडं दिला.

कान भरून गिरजाबाई गात होत्या. सोनियानं काउंटरची कड घट्ट धरली. डोळे पुसत तिनं विचारलं, "कचरा होता काय?"

"कायबी नव्हतं!" योगेशलाच कोडं पडलं. त्यानं कव्हर चढवलं, आवाज गेला. काढलं, परत आला. मग तो हसायला लागला. "कव्हर आडवं येतंय. पिन अर्धीच बसली की दोन्ही कानांत जे सारखं असतं तेच नेमकं पुसलं जातं. रेकॉर्डिंगात पेटी एका बाजूला, मृदंग दुसऱ्या बाजूला, गाणारी मधी. म्हणून बाईच गायब!"

घरी येताच सोनियानं सासूच्या कानाला हेडफोन लावला. "तुमचा आवाज कुणी काढला न्हाई, आत्ती. पिनच नीट बसत नव्हती."

सासू आता रडणार, असं तिला वाटलं होतं. गिरजाबाईंनी भुवया आक्रसून पद ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाल्या, "हितं मी दम मधीच तोडलाय. तू तोडू नको."

त्या दिवसापासून शिकवणी खरी सुरू झाली. शब्द पाठ झाले, चाल बसली. पण वरच्या ओळीला सोनियाचा आवाज दर वेळी फाटायचा. "तुमच्यावानी वर जात न्हाई माझा," ती रडकुंडीला येऊन म्हणायची. गिरजाबाई नुसत्या ऐकायच्या.

जत्रेच्या दिवशी देऊळ माणसांनी भरलं. पेटीवर मंडळाचा नेहमीचा वादक महाबळेश्वर होता. सवयीनं त्यानं गिरजाबाईंचीच उंच पट्टी धरली. सोनियाचा चेहरा उतरला. गिरजाबाई उठून पेटीपाशी गेल्या आणि त्याला काहीतरी म्हणाल्या, पण त्या गलक्यात त्यांचं बोलणं त्याला कळेना. तेव्हा त्यांनी स्वतःच बोट पुढं केलं आणि खालची एक पट्टी दाबून धरली.

"हितनं?" महाबळेश्वरनं विचारलं.

गिरजाबाईंनी मान डोलावली.

सोनियानं पद उचललं. वरची ओळ आली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले, आणि आवाज फाटला नाही. गिरजाबाई मागं सरकून साथीच्या बायकांत बसल्या. शेजारणीनं झांजा पुढं केल्या, त्या त्यांनी घेतल्या.