आतून लावलेली किल्ली

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुमचा तळवा तपकिरी होईल. वीतभर लांबीची, लोखंडाची, गंजलेली अशी मी एक जुनी किल्ली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा माणसांनी आपल्याला कसं अडगळीत टाकलं ते सांगतात. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मला फक्त एक कबुली द्यायची आहे, आणि ती देताना मान वर होत नाही.

आमचं गाव सार्दिनिया बेटावर, डोंगराच्या उतारावर. त्र्याऐंशी वर्षांपूर्वी बाकीझ्यो लोहारानं मला घडवलं. बोनारिया नावाच्या मुलीचं लग्न होतं आणि नव्या घराला कुलूप हवं होतं. मी कोमट असतानाच त्यानं मला तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "जरा जड झालीय गं पोरी. पण तुला कुठं ती कमरेला लावून फिरायचंय!"

खरंच होतं ते. आमच्या गावात किल्ली दाराला बाहेरून लावलेली असते. उजाडलं की ती कुलपात. ज्याला यायचं असेल त्यानं ती फिरवावी, दार ढकलावं आणि आत शिरता शिरता हाक मारावी. दार ठोठावतो तो परका: शिपाई, नाहीतर सुया-दोरे विकणारा. आणि ठोठावायची वेळ आलीच तर एकदाच. कुणी उघडलं नाही तर समजावं, घरातली बाई कामात आहे किंवा तिला उघडायचं नाही. दुसऱ्यांदा ठोठावणं आमच्याकडे फार वाईट दिसतं.

बोनारियाचा नवरा मेंढपाळ. थंडी पडली की कळप घेऊन खाली मैदानात उतरायचा आणि झाडांना पालवी फुटल्यावर परतायचा. एकटीनं बसणं तर बोनारियाच्या स्वभावातच नव्हतं. मग मला कुठली उसंत! आमची भाकरी पापडासारखी पातळ. ती लाटायला, भाजायला चार बायका लागतात. बोनारियाकडे सात जमायच्या, त्यातल्या तीन नुसत्या बोलायला. कुणाचं बाळ रात्रभर रडलं, कुणाच्या सुनेनं चीज खारट केलं, कुणाचं पत्र आलं नाही, सगळं माझ्यावरून आत जायचं. ती सगळ्यांचं ऐकायची आणि सगळ्यांची टिंगलही करायची. रडत आलेली बाई जाताना रुमालात चार अक्रोड बांधून हसत जायची.

वर्षं गेली. नवरा गेला, बरोबरीच्या मैत्रिणी गेल्या, त्यांच्या मुली म्हाताऱ्या झाल्या आणि तिला मावशी म्हणू लागल्या. ती शंभर वर्षांची झाली तेव्हा शहरातून एक फोटोवाला आला. त्यानं तिचा फोटो काढला आणि दारातला माझाही काढला. गावाच्या पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेत मी अख्ख्या मार्च महिन्यावर झळकले! जो तो म्हणायचा, "काय देखणी किल्ली!" मी फुगले, मित्रांनो. तिथूनच माझी चूक सुरू झाली.

त्याच वर्षी द्राक्षं काढायच्या दिवसांत खालच्या आळीत चोरी झाली. कुणाची तरी सोन्याची कर्णफुलं गेली. बोनारियाची मुलगी देल्फीना, स्वतः पंचाहत्तरीची, शहरातून धावत आली.

"आई, आता किल्ली आतून लावायची."

"आणि माणसं कुठून येतील? धुराड्यातून?"

"ठोठावतील."

"ठोठावायला ती काय पोलीस आहेत?"

"आई, मला तिकडे झोप लागत नाही गं."

लेकीच्या झोपेपुढं कुठल्या आईचं चालतं? देल्फीनानं मला ऑलिव्हचं तेल चोळलं, आतल्या बाजूनं कुलपात घातलं आणि बाहेरून कुणी मला ढकलून पाडू नये म्हणून आडवं फिरवून ठेवलं. माझ्यासारखीच दुसरी किल्ली करवून ती शेजारच्या ग्रात्सियाला दिली, अडीअडचणीला असू दे म्हणून. मी आडवी असताना ती दुसरी कुलपात शिरणारच नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं.

आता कबुली. मला आनंद झाला होता. ऐंशी वर्षं मी पाऊस, बर्फ, पोरांची ओढाताण सोसली होती. आता आत चुलीची ऊब होती, तेलाची चमक होती आणि घर राखण्याचा मान होता. मला वाटलं, दिनदर्शिकेतल्या किल्लीला हेच शोभतं.

पहिल्या आठवड्यात माणसं आली. एकदा ठोठावत आणि जरा थांबत. आतून बोनारिया ओरडायची, "आले, आले!" पण एकशे एक वर्षांचे पाय ते. वॉकर सरकवत ती दारापर्यंत यायची, मला फिरवायची, दार उघडायची, तर गल्ली रिकामी. कोपऱ्यावरून कुणाचा तरी आवाज यायचा, "झोपली असेल बिचारी, कशाला त्रास द्या?" हळूहळू ठोठावणंही कमी झालं. मग तिनं काय केलं, ठाऊक आहे? वेताची खुर्ची दाराशी ओढली आणि दिवसभर तिथंच बसू लागली, माझ्यावर हात ठेवून. कुणी आलं तर उशीर नको! तो हात किती हलका झाला होता, ते माझ्याइतकं कुणालाच कळलं नसेल.

असं सव्वा वर्ष गेलं. जानेवारीतल्या एका सकाळी, दहाच्या सुमारास, ती चुलीवर कॉफी ठेवायला उठली आणि नेमकी त्याच वेळी दारावर थाप पडली. ग्रात्सिया होती, घेवड्याचं कालवण घेऊन.

"आले गं! जाऊ नकोस, आले!" बोनारिया वॉकर न घेताच निघाली. तिसऱ्या पावलाला ती पडली.

धप्प झालेलं ग्रात्सियानं ऐकलं. तिनं दुसरी किल्ली आणली आणि कुलपात खुपसली. ती माझ्यावर येऊन आदळली. ग्रात्सियानं पुन्हा पुन्हा खुपसली. मित्रांनो, वाट देणं माझ्या हातात नव्हतं, पण अडवणारी मीच होते. मग तिनं किल्लीच्या भोकाला तोंड लावलं. भोकातही मीच होते.

"मावशी! ए मावशी! आहेस ना?"

"आहे गं. पाय आहे की नाही ते तू बघून सांग."

"दार उघड ना!"

"दारापर्यंत येता आलं असतं तर जमिनीवर कशाला लोळले असते, शहाणे?"

"रडवू नकोस गं मावशी."

"रडू नकोस. कालवण सांडशील."

खिडक्यांना गज होते. दार चेस्टनटच्या लाकडाचं, चार बोटं जाड. सुतार दुसऱ्या गावी गेला होता. तो येऊन कुलपाभोवतीचं लाकूड कापेपर्यंत दीड तास गेला. तेवढा वेळ बोनारिया थंडगार फरशीवर पडून होती आणि मी तिच्या डोळ्यांसमोर होते.

माझ्या अंगाला लाकडाचा भुसा चिकटलेला होता. शहरातून धावत आलेल्या देल्फीनानं तसंच मला पर्समध्ये टाकलं आणि दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि छातीत थंडी भरली होती. तरी दोन दिवसांत शेजारच्या तिन्ही खाटांवरच्या बायका तिला मावशी म्हणू लागल्या. ग्रात्सिया रोज यायची. "मी थांबले नाही गं मावशी, इतके दिवस एकदाच ठोठावून गेले," असं म्हणून डोळे पुसायची. देल्फीना ग्रात्सियाच्या नजरेला नजर देत नव्हती. पर्समध्ये मीही तशीच.

एका दुपारी बोनारियानं लेकीला जवळ बोलावलं.

"काय गं, चोर आला होता का आपल्याकडे?"

"नाही आई. एकदाही नाही."

"बिचारा. तोही एकदाच ठोठावून निघून गेला असेल."

देल्फीना खदखदून हसली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला, ओरडली मात्र नाही. ओरडली असती तर आम्हा दोघींना सोपं गेलं असतं.

एकोणिसाव्या दिवशी ती गेली. तिच्या अंत्ययात्रेला सगळा गाव आला. फुटलेल्या दारातून माणसं एकापाठोपाठ एक आत येत होती, कुणाला ठोठावावं लागलं नाही. देल्फीनानं मला टेबलावर ठेवलं होतं. एक पाहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, "शेवटपर्यंत घर राखलं हो हिनं." मला वाटलं, आत्ताच्या आत्ता गंजून भुगा व्हावं.

आता मी देल्फीनाच्या टेबलाच्या खणात असते. ती कधी खण उघडते, मला हातात घेते आणि पुन्हा ठेवते. मला तेल लावा, जपून ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. तो हक्क मी घालवला आहे. मागणं एकच आहे, मित्रांनो. तुमच्या ओळखीचं कुणीतरी म्हातारं माणूस बंद दारामागं असेल. तिथं जा. दार वाजवा, हाक मारा, आपलं नाव सांगा. लगेच कुणी उघडलं नाही तर झोपलं असेल म्हणून वळू नका. आतून कुणीतरी तुमच्याकडेच निघालेलं असतं. त्याला घाई करायला लावू नका. "सावकाश ये, मी आहे इथंच," असं मोठ्यानं सांगा, आणि खरोखर थांबा.