वाटी कलल्यावर

आमच्या खाडीकाठी बाळाचं नाव कुणीही ठेवावं, पण मेलेल्याला नावाने हाक मारून वाटीतून मातीवर घोटभर पाजायचा मान एकट्या आत्याचा. बापाच्या बहिणीचा. तिने हाक मारल्याशिवाय मेलेला जागचा हलत नाही. राजा असला तरी तहानलेलाच बसून राहतो.

अकोफाआत्या तर साऱ्या वस्तीची आत्या. मासे धुरावर सुकवता सुकवता म्हातारी झालेली. तिची हाक इतकी खणखणीत की एकदा शेजारच्या देशातले दोन मेलेले चुकून आमच्याकडे आले आणि सोदाबीची, आमच्या ताडाच्या दारूची, चव लागल्यावर परत जाईनात. कुणाला हे खोटं वाटत असेल तर त्याने त्या दोघांनाच विचारावं.

एका नावापाशी मात्र आत्याची जीभ बांधलेली होती. एदेम, तिच्या धाकट्या भावाचा, मेसानचा, मुलगा. जनरलसाहेबांच्या राज्यात पोरं ‘शाळेला मास्तर द्या’ म्हणत पुलावर गेली. परत आल्या त्या नुसत्या चपला. आमच्यात रक्त सांडून मेलेल्याला घरात हाक मारता येत नाही. जिथे पडला तिथेच मारायची, तीसुद्धा त्या जागेच्या धन्याने स्वतःच्या तोंडाने ‘मार हाक’ म्हटल्यावर. पूल सरकारचा, म्हणजे धनी देशाचा प्रमुख. आत्या आधी जनरलच्या दारात गेली. तो म्हणाला, “कुठला पूल?” त्याच्यामागून गादीवर प्राध्यापक आला. त्याने समिती नेमली. आता जे अध्यक्ष आहेत त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, डोळेसुद्धा पुसले, आणि जाताना स्वतःचा फोटो छापलेली छत्री दिली. पोरगा तिकडे तहानेने व्याकूळ, आणि हिच्या हातात छत्री! आत्याने ती मच्छीच्या भट्टीत घातली. सगळं कापड जळालं तरी फोटोतले दात म्हणे शेवटपर्यंत हसत होते.

यंदा स्वातंत्र्यदिनाचा सोहळा नेमका पुलाच्या तोंडाशी ठरला. तिथे एक दगड बसवला होता आणि त्यावर स्वातंत्र्यापासूनच्या सगळ्या राष्ट्रप्रमुखांची नावं सोन्याच्या अक्षरांत. आदल्या सकाळी राजशिष्टाचार खात्याचे आमेगानसाहेब नाकाला रुमाल लावून भट्टीपाशी आले.

“आत्या, उद्या सगळ्या राष्ट्रप्रमुखांना पाजायचं. क्रमाने. एकही सुटता कामा नये.”

“त्या सुभेदारालाही?”

“तोही राष्ट्रप्रमुखच होता.”

“तो माझा बोकड खाऊन गेला. पाजायचंच तर बोकडाला पाजते.”

“राजकारण नको, आत्या. आणि सगळ्यात शेवटी आपले आत्ताचे अध्यक्ष.”

आत्याचा मासे परतणारा हात थांबला. “ते जिवंत आहेत ना रे?”

“हा काय प्रश्न झाला?”

“वाटीवर जिवंताचं नाव घेत नाहीत, बाबा. घेतलं की मेलेले त्याला न्यायला येतात.”

“अंधश्रद्धा! दगडावर सहा नावं आणि वाटीवर पाचच? साहेब काय या पाचांपेक्षा कमी आहेत? मी पॅरिसला शिकलोय, मला शिकवू नकोस.”

“तुझी आई असेल ना? तिला विचार जा.”

“आई अडाणी आहे.”

“बरं,” आत्या म्हणाली. ती ‘बरं’ म्हणाली की वस्तीतली कुत्रीसुद्धा लांबून जातात.

तो गेला आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. काय माणसं ही! जिवंतपणी पंगतीत पहिली, मेल्यावर दगडावर पहिली, आणि आता पितरांच्या वाटीपाशीही रांग मोडून पुढे! ज्याने गोळ्या घातल्या त्याचं नाव सोन्याचं, आणि ज्याला लागल्या त्याला पाण्याचा थेंब नाही! आणि पाजायचं कुणी, तर मी! त्या संतापात तिच्याकडून अख्खी टोपली करपली. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

सोहळ्याला मंत्री, वकील, बँड, सगळे जमले. वाटीसमोर पायात काही घालायचं नाही, डोक्यावर टोपी ठेवायची नाही, म्हणून अध्यक्षांसकट सगळे अनवाणी उभे. बूट काढताना काही मंत्र्यांच्या मोज्यांना भोकं होती ती त्या दिवशी देशाला कळली. आत्याने आधी मक्याच्या पिठाचं पांढरं पाणी शिंपडलं. मग भोपळ्याची वाटी सोदाबीने काठोकाठ भरून घेतली. सोदाबी सरकारी, अध्यक्षांच्या बंगल्यावरून आलेली.

“मास्तर, ये! स्वातंत्र्याच्या दिवशी तू बोलायला लागलास तेव्हा माझी कोंबडी अंड्यावर बसली होती, आणि तू संपवलंस तेव्हा ती पणजी झाली होती. पी. घसा सुकला असेल.”

लोक हसले. धार मातीत मुरली.

“सुभेदार, ये! तुझ्या छातीवर इतकी पदकं की खड्डा पदकांनीच भरला आणि तुला बाजूला पुरावं लागलं. पी, आणि माझा बोकड परत कर.

“कर्नल, ये! तू खाडी विकलीस, तेव्हापासून आमचे बेडूक परवाना काढून ओरडतात. पी.”

मग ती थांबली. पुलाकडे बघितलं.

“जनरल, ये.” इथे विनोद नव्हता. “तुला पाजताना माझा हात जळतोय. तुला पाजायला सरकारी हुकूम लागला, हे तिकडे सगळ्यांना सांग.”

कुणी हसलं नाही. बँडवाल्याने नुसताच घसा खाकरला.

“प्राध्यापक, ये. तुझी समिती अजून बसली आहे. तिलाही तिकडे बोलावून घे.”

वाटीच्या तळाशी थोडी सोदाबी उरली होती. आत्याने वाटी पुन्हा कलती केली आणि आवाज चढवला.

“आणि आता सहावा! टेकडीवरच्या कुंभाराचा नातू, अयावाच्या पोटचा, थोरला मुलगा, ये—”

आईचं नाव कानावर पडताच अध्यक्षांनी हातातल्या भाषणावरून मान वर केली. कागद उडाले.

“ए म्हातारे! थांब! मी नाही! मी इथेच आहे!” भाषणातलं फ्रेंच कुठल्या कुठे पळालं. साहेब थेट टेकडीच्या बोलीत ओरडत होते, आणि समोरचा ध्वनिक्षेपक ते सगळ्या खाडीला ऐकवत होता.

“हुकूम आहे, साहेब.”

“कुणाचा?”

सगळ्यांनी आमेगानसाहेबांकडे बघितलं. ते आभाळात विमान शोधत होते.

“वाटी सरळ कर आधी!”

“कललेली वाटी सरळ होत नाही. तुमच्या आजीने सांगितलं नव्हतं? उरलेलं कुणाच्या तरी नावाने सांडायलाच लागतं. नाही सांडलं तर ज्याच्या घरची दारू त्याच्या नावावर जातं. दारू तुमच्या घरची.”

अध्यक्षांचा चेहरा आंबलेल्या कणकेसारखा झाला. “मग दुसऱ्याला पाज! कुणालाही पाज!”

“या पुलावर?”

“या पुलावर! मार हाक, बाई! पाहिजे त्याला मार, पण मार!”

आत्या लोकांकडे वळली. “धनी काय म्हणाला, ऐकलंत?”

“मार हाक!” सगळा काठ गर्जला.

वाटी अजून कललेलीच होती. आत्याने पुलाच्या पहिल्या फळीवर पाय ठेवला. इतकी वर्षं दाताखाली धरलेलं नाव बाहेर येताना अडखळलं, मग आलं.

“एदेम! माझ्या मेसानच्या पोरा, ये!”

धार सुटली. तिच्यामागे धुराने डोळे लाल झालेली एक बाई पुढे झाली आणि तिने आपल्या भाच्याला हाक मारली. मग आणखी एक आत्या. मग आणखी. वाटीत घोटभरच होती, पण धार म्हणे तुटेना. पुलाच्या फळ्यांवरून वाहत ती खाडीत गेली आणि त्या आठवड्यात आम्ही पकडलेला प्रत्येक मासा झिंगलेला होता. मधेच थांबवायची कुणाची छाती नव्हती. न जाणो, वाटीचं तोंड कुणाकडे वळायचं! अध्यक्ष, मंत्री, वकील, सगळे उघड्या डोक्याने आणि अनवाणी पायांनी शेवटच्या पोराचं नाव घेऊन होईपर्यंत उभे राहिले.

आत्या ओल्या फळीजवळ खाली बसली आणि तिच्यावर तळवा ठेवला.

“पी, बाळा,” ती हळूच म्हणाली. “सरकारी आहे. पहिल्यांदाच काहीतरी दिलंय.”